जानकीने शोधलेली चीर

चारकोपच्या आमच्या गाळ्यात डिझेल गाड्यांची कामं होतात. पाटीवर नाव माझं, डोकं माझ्या बायकोचं. जानकी सहा वर्षं इंजिनात हात घालतेय, तरी नवं गिऱ्हाईक तिला बिलं करणारी समजतं. माझं डोकं सणकतं. ती आपली पाना शोधत असते.

गणपतीच्या दोन दिवस आधी श्यामकांत साटम आले. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हाताऱ्या आईला घेऊन कुडाळला निघायचं होतं आणि गाडी साधा फ्लायओव्हर चढेना. कुणीतरी तिचा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, पत्रा लावून बंद करून टाकला होता. तरी गाडीला ओढ नाहीच, वर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटलेला.

"नुसता दिवा घालवा," साटम म्हणाले. लॅपटॉप लावून दहा मिनिटांचं काम. मी उठलोसुद्धा.

"दिवा घालवून गाडी घाट चढणार आहे का?" जानकी म्हणाली. "आधी तो पत्रा काढूया."

"वहिनी, तुम्ही राहू द्या. मालकांना बघू दे ना."

"मालकांना पत्रे लावायचीच सवय आहे."

खोटं नव्हतं. मी परत खाली बसलो.

तिने झडप उघडली. काजळी होती, पण झडप अडकलेली नव्हती. मग तिने व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या एकेक सोडवल्या. एक टोक अंगठ्याने दाबायचं, दुसरं तोंडात धरून हवा ओढायची; हवा येतच राहिली तर नळी फुटकी. साटम घड्याळ बघत होते, मी तिच्याकडे. ती चुकली असती तर त्यांची चतुर्थी बुडाली असती आणि तिला पुन्हा कुणी बॉनेट उघडू दिलं नसतं. खरं सांगतो, मला धाकधूक होती.

पाचव्या नळीपाशी ती थांबली. वळणावर, खालच्या अंगाला नखाएवढी चीर. याच नळीच्या जोरावर झडप चालायची आणि इंजिनात जादा हवा कोंबून गाडीला ओढ देणारा टर्बोसुद्धा.

"बघा. झडपेने बिचारीने काय पाप केलं होतं?"

नवी नळी लागली, झडप धुतली, पत्रा भंगारात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साटमांचा फोन आला. "गाडी घाट झकास चढली! जरा मिस्त्रींना द्या."

"मीच बोलतोय."

"तुम्ही नाही हो!"

एरवी कुणी असं बोललं असतं तर मी फोन आपटला असता. मी जोरात ओरडलो, "जानकी मिस्त्री, तुमचा फोन!" शेजारचे गाळेवाले बाहेर आले. येऊ देत. त्यांनी ऐकावं म्हणूनच ओरडलो होतो.