कच्चे बोल्ट

"मी काय पोतं आहे का हो, वजनाला मागे टाकायला?"

हे भांडण जुनं, भिंतीपलीकडून ऐकलेलं. भिंतीला कान असतात म्हणतात, त्या भिंतीला तर अख्खी शेजारीण होती. ओरडत होती ती सीटमास्तरांची बायको, आणि हळू आवाजात आगीत तेल ओतत होते ते खुद्द मास्तर.

"पोतं असतं तर बरं झालं असतं. पोतं बोलत नाही."

"मग पोत्याशीच संसार मांडायचा होता!"

"अगं, फक्त वळणापर्यंत. एकदा खड्ड्यातून गाडी घालतो, झालं."

"माझे हात कणकेचे आहेत."

"हातांनी कुठे बसायचंय तुला?"

मग झाकण आपटलं, मग दार आपटलं, आणि थोड्या वेळाने मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. बाई जाऊन बसल्या होत्या. नेहमीच बसायच्या. भांडण हा त्या बसण्याचाच एक भाग होता.

मास्तर मोटारसायकलच्या सीटा करायचे. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून हे सीटमास्तर. घराच्या पुढच्या खोलीत पायमशीन, भिंतीला टेकलेले फोमचे तक्ते, रेग्झिनच्या गुंडाळ्या, आणि सगळीकडे डिंकाचा वास. भातालासुद्धा तो वास येतो असं बाई म्हणायच्या. जुन्या गाड्यांच्या सीटा करण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते आधी माणसाला बसवून बघायचे, त्याची कंबर, त्याचे गुडघे, त्याची खोड. "हा डावीकडे कलून बसतो, पाकीट मागच्या खिशात ठेवतो," असं सांगून फोम तिकडून बोटभर उतरता कापायचे.

सीट झाली की दोन कामं राहायची. एक, कच्चे बोल्ट काढून पक्के घालायचे. शिंपी आधी कच्चा टाका घालतो ना, तसं मास्तर सीट आधी लांब बोल्टांवर तोलायचे, कारण उंची वरखाली करायला लांब बोल्ट लागतात. उंची ठरली की ते काढून आखूड घालायचे. आणि दुसरं काम म्हणजे बायकोला मागे बसवून खड्ड्यातून एक फेरी. दोघांच्या वजनाने मागचं चाक वर येतं, तेव्हा खाली काही घासतं का ते कळतं. एवढ्याशा गोष्टीसाठी तीस वर्षं दर सीटला नवं भांडण.

मग बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. दोन वर्षं मास्तर एकटेच शिवत राहिले. काम तेच, हात तेच, फक्त फेरी बंद झाली. शेजारपाजारचं कुणी मागे बसायला तयार झालं असतं, पण बस म्हणायला जीभ उचलली पाहिजे ना.

अशात एक नर्स आली. लहान चणीची, चोवीस-पंचवीसची पोर, आणि ढकलत आणलेली गाडी हत्तीएवढी. तिच्या वडिलांची चाळीस वर्षांची लाल टाकीची मोटारसायकल. वडील आता नव्हते. घाटापलीकडच्या डोंगरावर इस्पितळात तिला नोकरी लागली होती, आणि जायचं तर याच गाडीवर, असं तिने ठरवलं होतं. अडचण एकच, पाय जमिनीला टेकत नव्हते.

तिने मोबाईलवर फोटो दाखवला. लांबट, सपाट, पातळ सीट, मागच्या टोकाला छोटा उंचवटा. "कॅफे सीट म्हणतात, काका."

"कॅफे म्हणजे चहाचंच दुकान ना? मग बाकडं देतो की ठोकून."

ती हसली. मास्तरांनी फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला. "यात दुसऱ्याला जागाच नाही, पोरी."

"दुसरा बसला की सल्ले सुरू होतात, काका. एकटीचीच करा."

गाडीचं इंजिन मास्तरांचा मेव्हणा बघत होता. बाईंचा धाकटा भाऊ, चार गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज. सीट खाली येणार म्हणून त्याने मागचं मडगार्ड कापून आखूड केलं आणि जाताजाता म्हणाला, "दाजी, आता पुरे करा. तुमची नजर कमी झाली."

"नजर कमी झाली तरी तुझं टक्कल दिसतं मला," मास्तर म्हणाले. मेव्हणा फणकारून गेला. महिनाभर बोलणं बंद.

मास्तरांनी जीव ओतून सीट केली. पत्रा ठोकून वळवला, फोम थरावर थर चिकटवून तासला, वर तपकिरी चामडं, त्यावर आडव्या शिवणी, एकेक शिवण मुंगीच्या रांगेसारखी. उंचवट्यावर चामडं ओढताना एक सुरकुती राहिली, तर सगळं उसवून पुन्हा ओढलं. शेवटच्या संध्याकाळी सीट लांब बोल्टांवर चढवली आणि उंची ठरवली. पक्के बोल्ट कापून, घासून, तेल लावून पॉलिशच्या डबीच्या झाकणात ठेवले. सकाळी घालू म्हणाले.

सकाळी नर्स तासभर आधीच आली. दुपारी चारला हजर व्हायचं होतं. मास्तर फडक्याने टाकी पुसत होते. ती बसली, गाडी डबल स्टँडवरून उतरवली, आणि तिचे दोन्ही पाय, टाचांसकट, जमिनीवर टेकले. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "काका, बाबांच्या गाडीवर पहिल्यांदा पाय टेकले माझे."

आता अशा वेळी कुणाला बोल्ट आठवतील? मास्तरांनी मोठी बॅग उंचवट्यामागे दोरीने बांधून दिली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत हात हलवत उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चहात साखर जास्त घातली.

पेला ठेवायला टेबलावर जागा केली, तर समोर झाकणातले आखूड बोल्ट. चकचकीत. तेल लावलेले.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मास्तरांना त्या दिवशी कळलं. लांब बोल्ट गाडीला तसेच होते, पत्र्याखाली बोटभर लोंबत. त्यात सीट नेहमीपेक्षा खाली. मधे मडगार्ड नाही. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी लोंबतं, म्हणून संध्याकाळी फट भरपूर दिसली होती. पण पोर बसली, वर जड बॅग, आणि एखादा खड्डा आला की चाक वर येणार आणि टायर बोल्टावर घासणार. एकदा, दोनदा, दहादा. मग घाटातल्या उताराला टायर फुटणार. पुढचं मास्तरांनी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. फोन बॅगेत असणार, आणि बॅगेची गाठ त्यांनी स्वतः दोनदा ओढलेली. नऊ वेळा लावला. मग बारा-तेराचा पाना खिशात घातला, बोल्ट मुठीत धरले आणि एक चप्पल पायात, एक तशीच राहिली, असे ते गॅरेजकडे पळाले. सदुसष्टाव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे भराभर चालतो आणि धापा मात्र पळाल्याच्या टाकतो.

मेव्हणा शटर वर करत होता. "काय दाजी? टक्कल बघायला आलात?"

 मास्तरांनी मूठ उघडली. मेव्हण्याने दोन बोल्ट बघितले, मास्तरांच्या अनवाणी पायाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने शटर खाली ओढलं आणि स्कूटर काढली.

रस्त्यात मास्तर एकच बोलत होते. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं रे. शेपटानेच घात केला."

"गप्प बसा हो. घट्ट धरा."

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी. डबा, डबा, डबा, संपता संपेना. मास्तर उतरून फाटकवाल्यापाशी गेले. "जाऊ दे रे बाबा, एक पोर मरेल." फाटकवाला म्हणाला, "आजोबा, आत्ता सोडलं तर तुम्ही मराल." तोही खोटं बोलत नव्हता.

घाटाच्या तोंडाशी चहाचं दुकान. मेव्हण्याने ओरडून विचारलं, "लाल टाकीची जुनी गाडी गेली का? बाईमाणूस?"

"गेली की, अर्धा तास झाला. काय सीट होती हो! कुणी केली?"

मास्तरांनी मान खाली घातली. आयुष्यभर हे वाक्य ऐकायला कान आसुसलेले असायचे. आज ते कानात शिसं ओतल्यासारखं गेलं.

चढ सुरू झाला. प्रत्येक वळणाला मास्तर कठड्यापलीकडे बघायचे, आणि काही दिसलं नाही की पुढच्या वळणापुरता श्वास घ्यायचे. पाचव्या की सहाव्या वळणावर गर्दी दिसली. वीसेक माणसं, कठड्याला खेटून, खाली बघत. मेव्हण्याने स्कूटर थांबवायच्या आतच मास्तर उतरले आणि पडले. गुडघा फुटला, कळलंही नाही. माणसं बाजूला सारत पुढे गेले, तर खाली कोबी. टेम्पो कलंडला होता आणि कोबीचे गड्डे उतारावर पसरले होते. टेम्पोवाला कपाळाला हात लावून बसलेला. दुसऱ्याचं नुकसान बघून हायसं वाटलं, म्हणून मास्तरांना स्वतःची लाज वाटली. तरी वाटलंच.

आणखी चार वळणं गेल्यावर ती दिसली. मैलाच्या दगडाजवळ गाडी उभी, हेल्मेट टाकीवर, पोर पाव खात बसलेली. मास्तरांना बघून उठली. "काका? इथे? आणि तुमची चप्पल?"

मास्तर थेट गाडीपाशी गेले आणि चाकामागे आडवे झाले. टायरवर खाच पडली होती. करंगळी जाईल एवढी खोल, आणि तिच्या तळाशी आतले दोरे दिसत होते. मास्तरांनी त्या खाचेवर बोट ठेवलं आणि तिथेच, धुळीत पडल्यापडल्या, रडायला लागले.

"मघापासून खर्र खर्र वाजत होतं," नर्स म्हणाली. "मला वाटलं चेन. इस्पितळात पोचले की कुणाला तरी दाखवणार होते." मग तीही वाकली. बघितलं. पाव हातातच राहिला.

"माझी चूक," मास्तर म्हणाले. "कच्चे बोल्ट राहिले. गाडीची नाही, तुझी नाही, माझी."

"मडगार्ड मी कापलं होतं," मेव्हणा पुटपुटला.

"तू गप्प बस. तू विचारून कापलंस."

 पोर एकदम भडकली. "काका, पुढे सगळा उतार आहे! आई घरी फोनशेजारी बसली आहे. तिला काय सांगणार होतात तुम्ही?"  मास्तर पाना घेऊन बोल्टाला भिडले, पण पाना नटावर बसेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो मेव्हण्यापुढे धरला. मेव्हण्याने नजर वर न करता बोल्ट बदलले.

टायर काही वापरण्याजोगा नव्हता. नवा आणायला मेव्हणा खाली गेला आणि तो येईपर्यंत चार वाजून गेले. पहिल्याच दिवशी पोर नोकरीवर पोचली नाही. त्या तीन तासांत नर्स मैलाच्या दगडावर बसून होती आणि मास्तर कठड्यावर. मधे एकदा ती उठली, बॅगेतून कापूस काढला आणि त्यांचा गुडघा पुसून पट्टी बांधली. चेहरा रागाचाच होता.

घरी येऊन मास्तरांनी मशीन कापडाने झाकून टाकलं. "दाजी, नजरेचं मी सहज बोललो होतो," मेव्हणा समजावायला आला, "एका चुकीसाठी कुणी दुकान बंद करतं का?"

"एकच कशावरून?" मास्तर म्हणाले.

तो प्रश्न त्यांना झोपू देईना. बाई गेल्यापासून अकरा सीटा गेल्या होत्या, एकीचीही फेरी झालेली नव्हती. एकेकाचं घर शोधत, पाना घेऊन ते निघाले. लोक हसले. "डॉक्टर आले तपासायला," म्हणाले. एकाने तर स्वतःची पाठ पुढे केली, "इथे पण जरा आवळा." मास्तर हसले नाहीत. गाडीवर घरच्याच दोघांना बसवायचे, आपण खाली वाकून फट बघायचे. दहा गाड्या नीट निघाल्या. अकराव्या गाडीचे बोल्टही आखूडच होते. तरी ती फट कमी वाटली, आणि तिथल्या तिथे त्यांनी पत्रा वर उचलून दिला. म्हणजे प्रश्न खोटा नव्हता.

आणि नर्स? महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तर बसने डोंगरावर जायचे. पहिल्यांदा ती बाहेरच आली नाही, वॉर्डबॉयकडून गाडीची किल्ली पाठवली. दुसऱ्यांदा खिडकीतून बघितलं. तिसऱ्यांदा खाली आली आणि म्हणाली, "ठीक आहे ना?" बस्स, एवढंच. मास्तरांना तेवढं पुष्कळ झालं. दीड वर्षात एक सोमवार चुकला नाही.

या महिन्याच्या सोमवारीही ते सकाळच्या बसने गेले. इस्पितळाच्या मागच्या शेडमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, आडवे झाले, दोन्ही नट पान्याने तपासले, टायरभोवती तळहात फिरवला. नर्सने सीटवर बसून सगळं वजन टाकलं, मग उतरली.

"आता पुरे, काका. गुडघ्यांकडे बघा तुमच्या."

"गुडघ्यांना बोल्ट नाहीत, नाहीतर तेही आवळले असते."

"चहा तरी घ्या."

"सव्वाबाराची बस आहे."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, पाना खिशात टाकला आणि कठड्याला धरत पायऱ्या उतरले. बस वेळेवर आली. मास्तर चढले.