‘ग’ उमटला ती दुपार

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदांचा वास आला की मला कुंभकोणमची ती दुपार आठवते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझी तमिळ मैत्रीण एक अ‍ॅप करत होतो. तमिळ अक्षरांत टाइप केलेली आमची घरची तंजावरी मराठी त्यात देवनागरीत उमटायची. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर, म्हणून ‘गोड’चं हटकून ‘कोड’ होई. सरांनी बजावलं होतं, “कुणी खरोखर वापरल्याचं रिपोर्टमध्ये उद्या दाखवा, नाहीतर विषय बदला.” शेवटी त्या दुपारी अ‍ॅप पुन्हा दुरुस्त करून माझ्या वडिलांना, अप्पांना, दिलं. त्यांनी माहेरी पुण्याला गेलेल्या नव्या सुनेला एका बोटानं तमिळ अक्षरांत लिहिलं, आणि पडद्यावर उमटलं, ‘पोरी, पोंगलला ये. गोड करतो.’ “वंदुडुच्चु! ग आला!” मैत्रीण ओरडली. आम्ही संदेश पाठवला. उत्तर आलं, ‘अप्पा, तुमचं लिहिलेलं आज पहिल्यांदा वाचता आलं. येते.’ अप्पांना देवनागरी येत नव्हती, मी वाचून दाखवलं, तर म्हणाले, “अजून एकदा वाच गो.” दोन्ही संदेश आम्ही लगेच रिपोर्टच्या पानावर छापले, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी ते पान पाहून हसत सही केली. आता मी नोकरीत मोठमोठे रिपोर्ट लिहिते, पण कुणी ‘अजून एकदा वाच’ म्हणावं असं पान पुन्हा वाट्याला आलं नाही.