फटफटी म्हणजे बैल नव्हे

पिठाच्या गिरणीत तुम्ही चार वर्षांच्या पोराला फिरत्या पट्ट्याशेजारी उभं कराल का? नाही ना? मग फटफट्यांच्या शर्यतीला त्याच पोराला खांद्यावर घेऊन दोरीला पोट टेकून का उभे राहता?

हा प्रश्न मी साताऱ्याकडच्या खंडाळ्याहून निघतानाच विचारला होता. गाडीत कुणी ऐकलं नाही, म्हणून आता तुम्हाला विचारते.

दादा फौजेत आहे. सुटीवर आला की त्याला घर दोन दिवस पुरतं. आष्ट्याला मातीतल्या मोटारसायकल शर्यती आहेत म्हटल्यावर त्याने मुक्ता आणि ओम या दोन्ही पोरांना गाडीत कोंबलं, शेजारी मला. वहिनी दारातूनच म्हणाली, "जशी न्हेताय तशी परत आणा. आणि वन्सं, भाषण पोरांना नको, ह्यांना द्या."

भाषणाला खंबाटकी घाटात सुरुवात केली. दुसऱ्याच वळणावर ओमने सकाळची चहा-खारी बापाच्या बॅगेवर परत केली. "बघ, तुझ्या बोलण्यानं पोराला मळमळतंय," दादा म्हणाला.

कराडला भजी खाल्ली. पुढे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या. एकेका ट्रॅक्टरवर एवढी गाणी, की ड्रायव्हरला आपलाच हॉर्न ऐकू येत नसावा. सहा वर्षांची मुक्ता प्रत्येकाला हात करत होती आणि तेही सगळे स्टिअरिंग सोडून तिला हात करत होते. ही आपल्याकडची माया!

आष्ट्याबाहेर फडात (ऊस तोडून मोकळं झालेलं रान) पाचट हटवून, मातीचे उंचवटे घालून वाट केली होती. कडेने नुसती एक दोरी. सगळा गाव त्या दोरीवर रेललेला. मी पिशवीतून कापसाचं बंडल काढून दोन्ही पोरांच्या कानांत बोळे घातले.

"आमच्यात मेल्यावर नाकात घालत्यात," शेजारचे फेटेवाले आजोबा म्हणाले. आसपासची माणसं खदखदून हसली.

"आजोबा, हा माझा भाऊ फायरिंगला कानात बोळे घालतो. पोरांचे कान काय सरकारी नाहीत म्हणून उघडे ठेवायचे?"

"लय बोलती रं तुझी भईण," आजोबा दादाला म्हणाले. दादाने सवयीने मान डोलावली.

मग इंजिनं सुरू झाली. छातीची फासळी न् फासळी थरथरली. आजोबांनी हात पुढे केला. मी त्यावर कापूस ठेवला. थोड्याच वेळात माझं बंडल अर्ध्या दोरीपर्यंत हातोहात गेलं.

लाउडस्पीकरवर पाच फेऱ्यांची घोषणा झाली, निशाण पडलं आणि गाड्या माती उडवत समोरून गेल्या. आता आपली खोड बघा. बैलगाडीच्या शर्यतीत गाड्या पुढे गेल्या की माणसं मागून वाटेवर उतरतात, कोण पुढे आहे ते बघायला. बैल काही फिरून येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पायांना तेच वळण. दोरी खाली दबली, सगळी कड वाटेवर उतरली आणि दादाही उतरला. ओम त्याच्या खांद्यावर.

"मंडळी, ही बैलं न्हाईत!" लाउडस्पीकर किंचाळला. "गाड्या परत येत्यात! मागं सरा!"

मी दादाला हाका मारत होते. पण त्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. शेवटी मुक्ताने वाकून दोरीखालून हात घातला आणि बापाची विजार जिवाच्या आकांताने ओढली. तो वळला. "बाबा, अजून चार फेऱ्या हायेत!"

तो उडी मारून दोरीअलीकडे आला, बाकीचेही मागे पळाले आणि पाठोपाठ गाड्या आल्या. ओमच्या पायातला एक बूट वाटेवरच राहिला होता. त्यावरून दोन चाकं गेली. मातीत दबलेली ती लाल चपटी वस्तू दादा बघत राहिला.

"माझा बूट!" ओमने भोकाड पसरलं. "मेला तो बूट!" म्हणत मी त्याला पोटाशी धरलं.

उरलेल्या फेऱ्या दादाने पाहिल्याच नाहीत. शर्यतीकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून तो दोरीपाशी उभा राहिला. "मागं! पोरं खांद्यावरनं खाली घ्या! आवं आजोबा, तुमी बी!"

"आता ह्यो बी बोलाय लागला," आजोबा कुरकुरले आणि दोन पावलं मागे सरले.

येताना खंबाटकीचा बोगदा लागला. बोगद्यात पोरांसाठी हॉर्न वाजवायचा, हा दादाचा दर वेळचा नेम. ओम माझ्या मांडीवर झोपला होता, एका पायात बूट, कानात अजून कापूस. दादाचा हात हॉर्नवर गेला आणि तसाच खाली आला.

"वहिनीला बुटाचं काय सांगायचं?" मी विचारलं.

"खरं तेच सांगू," तो म्हणाला.

शर्यतीला पोरांना जरूर न्या. मुक्ता अजून गाड्यांचे आवाज काढत फिरते आहे. पण कापसाचं बंडल मोठं घ्या, शेजाऱ्यालाही पुरेल एवढं. आणि पहिली फेरी गेल्यावर पाय आपोआप उचलला, तर तो खाली ठेवा आणि शेजारच्याची विजार ओढा.