कडेनं दिसणारा तेजोमेघ

एग्मोरच्या रेल्वे कचेरीत उमाकांतांनी बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि तितकेच हिवाळे एका फिकट ढगापायी घालवले. व्याधाच्या जवळपास, दुर्बिणीतूनच दिसणारा, दोन शिंगांच्या शिरस्त्राणासारखा हा तेजोमेघ. मधला तापट तारा अंगावरचे थर वाऱ्यासारखे उधळतो, तो वारा भोवतालचा वायू रेटत बुडबुडा फुगवतो आणि ताऱ्याच्याच किरणांनी तो वायू उजळतो. घरात इकडची काडी तिकडे न करणारा हा माणूस त्या वाऱ्याबद्दल तासभर बोलायचा.

घर होतं त्या वेलचेरीच्या शहरी दिव्यांत तो दिसणं अशक्य, म्हणून ते जव्वादूच्या डोंगरात जात. नवख्यांना दटावत, "अर्धा तास अंधारात बसा. मोबाइल काढलात तर पुन्हा अर्धा तास. ऑक्सिजनचा हिरवट उजेड तेवढा सोडणारा फिल्टर लावा. आणि सरळ बघू नका. नजर बाजूला ठेवा, तो कडेनं दिसतो."

बायकोकडे, विद्युलताकडे, मात्र त्यांनी कसंही बघितलं नाही. २०१५च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी आधी दुर्बीण गच्चीवर नेली. विद्युलताची गाण्याची पेटी खाली भिजून फुगली. ती पुन्हा कधी गायली नाही.

यंदा फेब्रुवारीत डोंगरावर त्यांनी व्याधाकडे सरळ पाहिलं आणि आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा नाहीसा झाला.

"गुरुमूर्ती, ढग आलेत का?"

"इल्लै सार, फुल क्लिअर," शेजारी दुर्बीण लावत असलेला त्यांचा जुना चेला म्हणाला.

त्यानं लावून दिलेल्या दुर्बिणीतून उमाकांतांनी नजर बाजूला ठेवून पाहिलं. तेजोमेघ होता, दोन्ही शिंगांसकट.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उलगडा केला. दोन्ही पडद्यांचा मधला भाग झिजलाय, गेलेली नजर परत येणार नाही, कडा शाबूत आहेत. वर्षभर पेपरातली अक्षरं बुडत होती आणि हे चष्मेवाल्याला शिव्या घालत होते. बायकोचा चेहरा पुसला गेलाय हे कळायला आधी तिच्याकडे बघायला हवं होतं.

त्या दुपारी ते तिच्यासमोर बसले. मानेवर चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग होता.

"विद्युलता, मला तुझा चेहरा दिसत नाही."

"परवा तर तो ढग दिसला म्हणालात."

"तो दिसतो."

"बारा हजार प्रकाशवर्षांवरचा दिसतो," ती शांतपणे म्हणाली, "आणि मी नाही."

हे खरं होतं आणि त्याचं कारण सांगून पटण्यासारखं नव्हतं. तिला एकदा तरी नीट बघावं म्हणून उमाकांतांनी जन्मभर शिकवलेला उपाय केला. मान वळवून खिडकीकडे पाहिलं. कडेला तिचा चेहरा उमटला. म्हातारा, दमलेला, डोळे भरलेले.

तिला एवढंच दिसलं की ह्यांनी याही वेळी तोंड फिरवलं. ती उठली आणि कुकर लावायला आत गेली.