छप्पन आणि त्र्याऐंशी

देचम्मा टीचरला एका जागी बसवत नसे. कॉफीसुद्धा ती उभ्याउभ्याच प्यायची. मडिकेरीच्या खालच्या अंगाला असलेल्या डोंगरातल्या शाळेत तिने सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातला एक तास दरवर्षी ठरलेला असे. टेबलावर तिरकी फळी, फळीवर वीट.

"विटेचं वजन सरळ खाली ओढतं. मधे फळी आली. मग त्या वजनाचे दोन वाटे करायचे. एक वाटा विटेला फळीवर दाबतो, दुसरा तिला उताराने खेचतो. फळी जितकी उभी, तितका खेचणारा मोठा."

त्या वर्षी ऑगस्टात पाऊस अकरा दिवस थांबलाच नाही. बेळ्ळिअप्पांच्या कॉफीच्या मळ्यातून घरी येताना तिला वरच्या उतारावर एक भेग दिसली. हाताचा पंजा आत जाईल एवढी. खाली मजुरांच्या नऊ खोल्या एका ओळीत उभ्या होत्या. तिने भेगेच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि मधलं अंतर मोजलं. एकसष्ट सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी ते त्रेसष्ट झालं.

कंपासातल्या कोनमापकाला दोरा आणि नट बांधून तिने तो उतारही मोजला होता. चौतीस अंश. घरी वहीत आकृती काढून तिने नवऱ्यापुढे सरकवली. उत्तय्या लष्करातून सुभेदार होऊन आलेला, शब्दाने शब्द वाढवण्यात पटाईत.

"शंभर किलो माती धरा. त्यातले छप्पन किलो खाली खेचतायत, त्र्याऐंशी दाबून धरतायत."

"शंभराचे एकशे एकोणचाळीस? सव्वीस वर्षं पोरांना हेच शिकवलंस?"

"दोघांच्या दिशा वेगळ्या आहेत, अहो. बटाट्यांसारखी बेरीज करायची नसते."

"मग दाबणारा मोठा आहे ना? झोप आता."

"पाणी आत शिरलं की माती जड होते. आणि तेच पाणी तिला आतून उचलून धरतं. मग दाब कितीही असो, पकड राहत नाही." ती खिडकीपाशी गेली, परत आली. "पकड किती उरलीय, तेवढंच मला माहीत नाही."

तेच तिला खात होतं. आकडा असता तर ती ठामपणे बोलली असती. तरीही सकाळी ती मजुरांच्या खोल्यांवर गेली. तिथे चेन्नी नावाच्या मजूर बाईचा शब्द चालायचा.

"टीचरम्मा, शाळेत जाऊन राहू, पण कोंबड्या?"

"कोंबड्याही आण."

"आणि बाकावर अंडी घातली तर हेडमास्तर आम्हाला उभं करतील!"

सगळे हसले, पण निघाले. शाळेच्या दोन वर्गांत नऊ घरं दाटीवाटीने राहिली. तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बेळ्ळिअप्पा शाळेच्या फाटकाशी येऊन गरजले, "टीचर, डोंगर तुमच्या वहीप्रमाणे चालतो का? माझी मिरीची वेल आडवी पडलीय, माणसं इथे चटईवर लोळतायत!"

माणसं मान खाली घालून गाठोडी बांधू लागली. देचम्मा त्यांच्या वाटेतून बाजूला झाली. खरंच, कशाच्या जोरावर अडवायचं? ती तशीच चिखलातून चढावर गेली. खुंट्यांमधलं अंतर काल सत्तर होतं, आज ब्याऐंशी. एका रात्रीत बारा सेंटिमीटर! उतारातून निघणाऱ्या झऱ्याचं पाणी मातीने लाल झालं होतं.

ती घसरत, पडत खाली आली. मजूर तोवर खोल्यांपर्यंत पोचले होते.

"चेन्नी, सामान राहू दे! माझं चुकलं तर उद्या सगळ्यांदेखत मला वेडी म्हण. आत्ता चल."

चेन्नीने तिच्या चिखलाने माखलेल्या लुगड्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "ए, उठा रे," तिने ओरडून सांगितलं. देचम्माने झऱ्याकाठच्या आपल्या घराकडे हाक मारली, "अहो, यांच्या शेळ्या दोराला बांधून शाळेत न्या!" उत्तय्या कुरकुरत, चप्पल शोधत बाहेर आला.

तो नवव्या शेळीशी शाळेच्या पायऱ्यांवर झटापट करत होता, तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. आधी झाडं वाकली, मग आवाज आला. उतार खोल्यांवर आला, पण सगळा नाही. अर्धा झऱ्याची वाट धरून वळला आणि देचम्माच्या घराची मागची बाजू, स्वयंपाकघर आणि उत्तय्याची दुपारची खाट घेऊन गेला. आपलं घर तिच्या आकृतीत कुठे नव्हतंच.

माणूस एकही गेला नाही. उत्तय्याने शेळीचा दोर शाळेच्या फाटकाला बांधला. मग म्हणाला, "झऱ्याकडे वळेल, हे का नाही सांगितलंस?"

"मला तरी कुठे माहीत होतं?" ती म्हणाली, आणि तिथेच पहिल्यांदा खाली बसली.

पुढे बेळ्ळिअप्पांनी सपाटीवर नव्या खोल्या बांधल्या. पाणी लांब पडतं म्हणून चेन्नी त्यांच्याशी रोज भांडते. देचम्मा निवृत्त झाली. पावसाळ्यात ती आता आसपासच्या गावांतून मोजपट्टी घेऊन फिरते. लोक तिला चहा देतात आणि विचारतात, "आमचा डोंगर कसा आहे, टीचर?"

"कोन सांगते," ती म्हणते. "पकडीचं मला अजूनही कळत नाही. दाखवा, पाणी कुठून येतंय?"