ताटातले देठ

साखरा गावात पार्वतीबाईच्या मिरच्यांचं नाव होतं. निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आठ-नऊ वर्षं आधीची गोष्ट. परसातल्या आडाजवळ ती जाड सालीच्या मिरच्या लावायची. उन्हाळ्यात त्यांना चीर पाडून भाजल्या मेथीची पूड भरायची. रात्रभर आंबट दह्यात, दिवसभर उन्हात, संध्याकाळी पुन्हा दह्यात. सगळं दही जिरेपर्यंत हेच. अशी मिरची तळून ताटात पडली, की तिचा नवरा दगडोबा एक भाकर जास्त खायचा.

मूल होईना म्हणून दगडोबानं निजामाच्या जकात नाक्याजवळची, कनेरगावची मिराबाई दुसरी करून आणली. पार्वतीबाईनं ते गिळलं. सवतीचं नवं लुगडं गिळलं, तिचं हसणंही गिळलं. पण पहिल्याच उन्हाळ्यात मिरानं माहेरच्या रीतीनं, नुसत्या दह्यात अन् जिऱ्यात मिरच्या घातल्या. ते मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

दोघींच्या मिरच्या ताटात शेजारी पडायच्या. पार्वतीबाई देठ अर्धा खुडायची, मिरा लांब ठेवायची. दगडोबा जेवून उठला, की पार्वतीबाई ताट स्वतः उचलायची आणि देठ बघायची. आखूड जास्त असले, की भांडी हलक्या हातानं घासली जायची. लांब जास्त असले, की आवाज आडापर्यंत जायचा.

"बाई, ताट फुटंल ना," मिरा म्हणायची.

"पितळ हाय. फुटत न्हाई."

तिसऱ्या उन्हाळ्यात मिराला सातवा महिना लागला. तिचा बाप गाडी घेऊन आला, दिस आजचाच चांगला हाय म्हणाला, आणि तिला तसंच निघावं लागलं. गाडीत चढता चढता ती म्हणाली, "बाई, माझ्या मिरच्या दह्यात हायत. तेवढं ऊन दाखवा."

"बघते."

दोन दिवस पार्वतीबाईनं आपल्याच मिरच्या उन्हात घातल्या. मिराच्या गाडग्याकडं ती पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर वास बिघडू लागलेला. आणखी एक दिवस, की सगळं उकिरड्यावर. कुणी काही म्हणालं नसतं. तिनं गाडगं उचललं, उकिरड्यापर्यंत गेलीसुद्धा. पण मिरच्या तिच्याच हातच्या झाडांच्या होत्या. ती माघारी आली, मिरच्या धुतल्या, वास जावा म्हणून त्यांत आपली मेथी भरली आणि ताज्या दह्यात घालून त्यांनाही ऊन दाखवलं.

दिवाळीच्या तोंडावर मिरा लेकरू घेऊन परत आली. त्या दिवशी पार्वतीबाईनं दोघींच्या मिरच्या तळल्या. दगडोबानं लांब देठाची एक चावली अन् तो थांबला.

"मिरे, यंदा हिला मागं टाकलंस की."

मिरानं कढईतली तसलीच एक तोंडात टाकली. चावता चावता पार्वतीबाईकडं बघितलं.

"ही चव माझी न्हाई. मेथी बाईंची हाय. त्यांनीच केल्या."

"व्हय का?" दगडोबानं दोघींकडं कौतुकानं पाहिलं. पण आधी मिराकडं.

पार्वतीबाईनं ताट उचललं. मिराच्या जागी आपण असतो तर गप्प बसलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मिरचीतली हार तिनं सोसली असती. पण ही कालची पोर, लेकराला मांडीवर थोपटत, तीन वाक्यांत तिच्याहून मोठी होऊन बसली होती.

देठ किती लांब, किती आखूड, हे तिनं बघितलंच नाही. आवाज मात्र आडापर्यंत गेला.