मास्तर सिनेमा ऐकतात

टेलरमास्तरांची अडतीस वर्षं लोकांची मापं घेण्यात गेली, पण स्वतःची नात काही त्यांच्या मापात बसेना. मुलगा परदेशात, सून तिथलीच, आणि चार वर्षांची नात फोनवर जे भडाभडा बोलायची, त्यातलं मास्तरांना ओ की ठो कळत नसे. ते नुसते हसायचे. एकदा ती पायरीवरून पडल्याचं रडत सांगत होती, तेव्हाही मनापासून हसले. तेव्हापासून पोरगी फोनवर यायलाच तयार होईना. मास्तरांना ते फार लागलं.

"बाबा, इकडचे सिनेमे बघा," मुलगा म्हणाला. "खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी बंद ठेवून. कान तयार होतो. लहान मुलांचे घ्या, सोपे असतात."

मास्तरांनी खुनाचे घेतले. त्यात सूटबूटवाले जास्त.

दुकान बंद केलं की रोज एक सिनेमा. महिना झाला.

"काय कळलं आज?" बायकोने विचारलं.

"इन्स्पेक्टरचा कोट डाव्या खांद्यावर झोळ मारतोय."

"आणि खून कुणाचा झाला?"

"व्हायला त्याच्या शिंप्याचा हवा होता."

बायकोने कपाळाला हात लावला, दुकानातून उरलेलं काळं अस्तर आणलं आणि टीव्हीवर टाकलं. "डोळ्यांचे लाड पुरे. आता ऐका!"

मास्तर चार दिवस धुसफुसले. पाचव्या दिवशी अस्तराआडून एक वाक्य सरळ कानात शिरलं. मग दुसरं. आठवड्याभरात "दार उघड", "हलू नकोस" आणि "प्रेत कुठंय?" एवढं पक्कं झालं.

रविवारी मुलाने नातीला कसंबसं फोनसमोर बसवलं. तिच्या फ्रॉकची कॉलर वाकडी होती. नजर तिथंच अडकणार, हे ओळखून मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि कान टवकारले.

पलीकडे कुजबुज झाली. "आई, आजोबा झोपले."

कळलं! अख्खं वाक्य कळलं! त्या भरात मास्तरांच्या तोंडून तिच्याच भाषेत सिनेमातलं उत्तर बाहेर पडलं, फक्त आवाजही इन्स्पेक्टरचाच, घोगरा. "मी झोपलेलो नाही. मी तुझीच वाट बघत होतो."

पोरगी किंचाळून टेबलाखाली. सून धावली.

"घाबरवलंत ना लेकराला!" बायको कडाडली. "आता कसली येतेय ती फोनवर!"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात टेबलाच्या कडेवर दोन डोळे उगवले. पोरगी एकच शब्द बोलली.

"काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले, आणि डोळे मिटून जोरात घोरायला लागले.